"हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही." विधिमंडळाला चुकीची माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याला जाब कोण विचारणार?

जुनीफाईल

मंडळी, मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. नोकरीतली बरीचशी वर्षं अधिवेशनाच्या कामात गेली. तारांकित प्रश्नांची (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न) उत्तरं, लक्षवेधी सूचनांवरची निवेदनं, सचिवसाहेब लोकलेखा समितीपुढे (सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी आमदारांची समिती) साक्षीला जाणार असले की त्यांची फाईल लावून देणं, हे माझं काम. एक गोष्ट इतकी वर्षं आत टोचत राहिली आहे, ती आज लिहून टाकतो.

नागपूरचं अधिवेशन होतं, डिसेंबरचा दुसरा आठवडा. एका सदस्यांचा प्रश्न आला होता: अमुक तालुक्यातल्या आश्रमशाळेचे पत्रे वादळात उडाले, दुरुस्ती झालेली नाही, मुलींना व्हरांड्यात झोपावं लागतं, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? रात्री साडेदहाला प्रकल्प कार्यालयाचा फॅक्स आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पत्रे उडाले आहेत, ४२ मुली व्हरांड्यात झोपतात, दुरुस्तीचं अंदाजपत्रक जूनमध्येच वर पाठवलं आहे. मी उत्तराचा मसुदा केला, "हे खरे आहे." फाईल वर गेली. पहाटे दीडला परत आली तेव्हा माझ्या ओळीवर काट होती आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही."

सही नव्हती. पेन्सिल होती. मी स्वच्छ प्रत काढली. दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास वरच्या चार-पाच प्रश्नांतच संपला. आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही, छापील उत्तर पटलावर गेलं आणि विषय मिटला.

आता माझा प्रश्न. छापील उत्तर मंत्र्यांच्या नावाने जातं. समितीच्या अहवालात "विभागीय सचिवांनी साक्षीच्या वेळी असे विदित केले की" एवढंच असतं. खालची माहिती कोणी बदलली, कोणाच्या सांगण्यावरून बदलली, हे कुठेच येत नाही. लोकप्रतिनिधींसमोर, म्हणजे आपल्या सगळ्यांसमोर, खोटं सांगितलं गेलं तर ते माणसाने सांगितलेलं असतं, विभागाने नाही. मग त्या माणसाला नावानिशी जाब विचारायची सोय का असू नये? तुमचे अनुभव आणि मतं लिहा. विरोधी मत असेल तर तेही मोकळेपणी लिहा.

शाळेचीघंटा

वाचून पोटात कालवलं. काका, त्या मुलींचं पुढे काय झालं?

तर्रीपोहे

नागपूरचा आहे म्हणून सांगतो. अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये रात्री दोनलाही दिवे चालू असतात. १६० खोल्यांच्या गाळ्यांपुढे चहावाले पहाटेपर्यंत उभे असतात आणि मुंबईहून आलेली कर्मचारी मंडळी स्वेटर घालून फायली चाळत बसलेली असतात. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण त्याच फायलीत असंही होतं हे आज कळलं.

काळाकोट

जुनीफाईल, विषय चांगला काढलात. कायद्याची बाजू थोडी मोकळी करून लिहिते, कारण इथे दोन गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट सभागृहाच्या विशेषाधिकाराची. घटनेचा अनुच्छेद १०५ संसदेसाठी आणि १९४ राज्य विधिमंडळांसाठी आहे. सभागृहाची किंवा समितीची जाणूनबुजून दिशाभूल करणं, खोटी साक्ष देणं, बोलावूनही न येणं, कागद दडवणं हा सगळा हक्कभंग आहे. सभागृह समज देऊ शकतं, बोलावून उभं करू शकतं, तुरुंगातही पाठवू शकतं. अधिकार भरपूर आहेत.

दुसरी गोष्ट फौजदारी कायद्याची. शपथेवर खोटा पुरावा देणं हा पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम १९३ चा गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२९. समितीला शपथ देता येते. पण आपल्याकडे सचिवाला शपथ घालून बसवण्याची रीत रुळलेली नाही. साक्ष हा शब्द वापरतात आणि वातावरण बैठकीचं असतं.

खरी अडचण "जाणूनबुजून" या शब्दापाशी येते. अधिकारी म्हणतो, मला खालून जी माहिती आली ती मी दिली. खालचा म्हणतो, मी बरोबर दिली होती. मधली पेन्सिल सापडत नाही. तुमच्या गोष्टीत नेमकं हेच झालं आहे.

आणखी एक. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. लोकसभेच्या नियमांतही तसंच आहे, विधिमंडळातही. त्यामुळे सचिव काय बोलले हे अहवाल सादर होईपर्यंत बाहेर येत नाही. माहिती अधिकारात मागायला जाल तर कलम ८(१)(ग) समोर येतं: विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती देता येत नाही.

पूलवाला

मी बांधकाम खात्यात उपअभियंता आहे, अजून नोकरीत आहे. मला या धाग्याचा सूर एकतर्फी वाटतो आणि ते मी स्पष्टच लिहितो.

समितीसमोर उभं राहणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. समितीचा दौरा जाहीर झाला की आठवडाभर जिल्ह्यात दुसरं काम होत नाही. गाड्या, विश्रामगृहं, जेवणं, हार-तुरे. आणि त्याच्या पुढचंही असतं. मे २०२५ मध्ये धुळ्यात काय झालं? विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा होता आणि शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. एका माजी आमदारांनी खोलीबाहेर ठाण मांडलं म्हणून ते बाहेर आलं. विशेष तपास पथक नेमावं लागलं. ते पैसे कोणी कशासाठी आणले हे तपासानेच ठरेल, मी निवाडा देत नाही. पण अधिकाऱ्यांच्या मनात समितीविषयी भीती का असते, हे त्या एका खोलीवरून समजून घ्या.

आता अशा समितीच्या हातात "खोटी साक्ष दिलीस म्हणून तुझ्यावर नावानिशी कारवाई" हे शस्त्र द्यायचं? जो मुकाट्याने ऐकणार नाही त्याच्याच गळ्याला फास लागेल.

माणूसघर

पूलवाला +१. निर्णय मंत्र्यांचा आणि फाशी अभियंत्याला, हे पटत नाही.

शाळेचीघंटा

पूलवाला, तुमचं म्हणणं अनुभवाचं आहे, मी नाकारत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पंचायती राज समिती येणार म्हटलं की आमच्याकडेही तेच. "पीआरसी येतेय" एवढं वाक्य केंद्रप्रमुखांच्या तोंडून आलं की रजिस्टरं नव्याने लिहायला बसायचं. एका वर्षी आमच्या शाळेत शौचालयाला पाण्याची जोडणी नव्हती. दौऱ्याच्या आदल्या रात्री टाकी आणून वर ठेवली, पाइप भिंतीपर्यंत आणून सोडला. आत जोडलाच नाही. सदस्यांनी नळ सोडून पाहिला नाही, टाकी पाहिली आणि "पाण्याची सोय आहे" असं लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी टाकी परत नेली.

माझ्या पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, टाकी कुठं नेली?" मला उत्तर देता आलं नाही. मी तेव्हा सदस्यांसमोर उभी होते. मला कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती.

म्हणून मला वाटतं, शिक्षेच्या आधी खरं सांगणाऱ्याला अभय पाहिजे.

थेम्सकाठ

लंडनहून. इथली एक घटना सांगतो, ती या चर्चेला फार जवळची आहे.

२५ एप्रिल २०१८. गृहमंत्री अंबर रड गृह खात्याच्या संसदीय समितीपुढे साक्षीला बसल्या होत्या. बेकायदा स्थलांतरितांना परत पाठवण्याचे आकडेवारीचे इष्टांक ठरवलेत का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हटलं. मग वर्तमानपत्रात त्यांच्याच खात्याचं टिपण फुटलं, त्यात २०१७-१८ साठी १२,८०० हा इष्टांक लिहिलेला होता. २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. चार दिवसांत.

पण पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात निघालं की खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मंत्र्यांना साक्षीसाठी नीट तयार केलंच नव्हतं, आणि चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त करण्यातही ते कमी पडले. म्हणजे जुनीफाईल म्हणतात ती मधली पेन्सिल तिथे शोधली गेली आणि छापली गेली.

आणि हे शक्य का झालं? समितीची साक्ष सगळ्या देशाने पडद्यावर पाहिली होती. त्यांनी काय म्हटलं याबद्दल वादच नव्हता. आपल्याकडे "मी असं म्हणालोच नाही" म्हणायला जागा राहते ती बंद दारामुळे. नियम इथेही असाच आहे की सनदी अधिकारी मंत्र्यांच्या वतीने बोलतात, स्वतःचं मत सांगत नाहीत. तरीही शब्द ज्याचा त्याच्या नावावर नोंदला जातो.

परदेशीकोकणी

थेम्सकाठ, तुमच्याकडे निदान राजीनामा तरी झाला. आमच्या अमेरिकेत शपथ घेऊन, कॅमेऱ्यासमोर सांगितलेल्या गोष्टीचंही काही होत नाही.

१२ मार्च २०१३. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीपुढे राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर. सिनेटर रॉन वायडन यांनी विचारलं, लक्षावधी अमेरिकन नागरिकांची कुठल्याही प्रकारची माहिती तुमची यंत्रणा गोळा करते का? उत्तर: "नाही, सर." पुन्हा विचारल्यावर: "जाणूनबुजून नाही." तीन महिन्यांत त्याच यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने गुप्त कागद बाहेर काढले आणि उघड झालं की देशभरातल्या फोन कॉलच्या नोंदी गोळा होत होत्या. वायडन यांनी प्रश्न आदल्या दिवशीच कळवून ठेवला होता, म्हणजे अचानक गोंधळल्याचं कारणही टिकत नाही. क्लॅपर यांनी समितीला पत्र लिहून उत्तर चुकीचं होतं असं कबूल केलं. खटला झाला नाही. खटला भरण्याची पाच वर्षांची मुदत मार्च २०१८ मध्ये संपली. पदावर ते २०१७ च्या जानेवारीपर्यंत होते.

त्याआधीचं रिचर्ड हेल्म्स यांचं प्रकरण बघा. सीआयएचे प्रमुख. चिलीमधल्या हस्तक्षेपाबद्दल १९७३ मध्ये सिनेट समितीला खरं सांगितलं नाही. १९७७ मध्ये न्यायालयात आरोपाला विरोध केला नाही. शिक्षा काय, तर दोन हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची स्थगित कैद. इराण-कॉन्ट्रा प्रकरणात (इराणला चोरून शस्त्रं विकून निकाराग्वातल्या बंडखोरांना पैसा पुरवल्याचं प्रकरण) परराष्ट्र खात्यातले अधिकारी इलियट अब्राम्स यांनी १९९१ मध्ये काँग्रेसपासून माहिती दडवल्याचं कबूल केलं, १९९२ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, आणि पुढे दोन वेगळ्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना पुन्हा पदं दिली.

मी इथे वीस वर्षं मतदान करते आहे. कायदा आहे, शपथ आहे, कॅमेरा आहे. खटला भरायचा की नाही हे मात्र त्याच सरकारचं न्याय खातं ठरवतं. गाठ तिथे आहे.

काळाकोट

परदेशीकोकणी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. आपल्याकडे उलटी अडचण आहे. हक्कभंग सभागृह ठरवतं, आणि सभागृहात बहुमत सरकारचं. आपल्याच विभागाच्या सचिवाविरुद्ध हक्कभंग मंजूर करायला कोणतं सरकार हात वर करेल?

कोरडवाहू

मी काय फार शिकलेला नाही, पण आमच्या मराठवाड्यात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगतो.

२०११-१२ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच विधिमंडळात सांगितलं की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढलं. खर्च झाला होता सत्तर हजार कोटींच्या घरात. बोंब उठली. मग त्याच वर्षाच्या शेवटी जलसंपदा खात्याची श्वेतपत्रिका आली, तिच्यात वाढ ५.१७ टक्के. एकच राज्य, एकच दहा वर्षं, एकाच विधिमंडळापुढे दोन आकडे. मधल्या काळात मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून अंदाजपत्रकं कशी फुगवली ते उघड केलं होतं. पुढे चौकशीला चितळेसाहेबांची समिती झाली.

आमच्या शिवारात चारी आहे. चारी म्हणजे सिमेंटची नाली. बावीस वर्षांपासून आहे. पाणी एकदाही आलं नाही. शेवटच्या टोकाला चारीत बाभळी उगवल्या त्या आता एवढ्या झाल्या की शेळ्या सावलीला बसतात. कागदावर माझी साडेतीन एकर "लाभक्षेत्रात" आहे. पाहणी झाली तेव्हा खात्याच्या माणसाने मला विचारलं नाही, नकाशा बघितला. ०.१ खरं का ५.१७ खरं हे मला नका विचारू. ज्यानं माझी साडेतीन एकर भिजलेली धरली, त्याला विचारा. पण त्याचं नाव कुठं लिहिलेलंच नाही.

पूलवाले साहेब, तुमच्यासारख्या चांगल्या माणसाला त्रास व्हावा असं माझं म्हणणं नाही. पण नाव लिहिलंच पाहिजे.

अभ्यासिका२४

कोरडवाहू काका, बाभळीखालच्या शेळ्या डोळ्यांसमोर आल्या. हे उदाहरण मी विसरणार नाही.

पूलवाला

कोरडवाहू, तुमच्या चारीबद्दल मला खरंच वाईट वाटलं. आमच्या खात्यातही मोजमाप पुस्तिकेवर सही करणाऱ्याचं नाव असतं. त्या अर्थाने नाव असावं हे मान्य. माझी हरकत समितीच्या हाती काठी देण्याला आहे.

वाचनवेडा

इतिहासातून दोन गोष्टी, कारण आपल्याकडे कधीच काही झालं नाही असंही नाही.

पहिली, मुंदडा प्रकरण. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले. लोकसभेत फिरोज गांधींनी ते लावून धरलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि छागलांनी चौकशी उघडपणे, लोकांसमोर चालवली. अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणाले मंत्र्यांची संमती होती, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले नव्हती. दोघांचे शब्द समोरासमोर आले. छागलांनी काही आठवड्यांत निष्कर्ष दिला की सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्री झटकू शकत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्र्यांनी पद सोडलं. माणूसघर, तुमच्या "निर्णय मंत्र्यांचा आणि फाशी अभियंत्याला" याचं उत्तर छागलांनी तेव्हाच दिलं आहे.

दुसरी गोष्ट शाळेचीघंटा ताईंसाठी. खरं सांगणाऱ्या अधिकाऱ्याला अभय. १९७५ मध्ये, इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, त्यांचे चिरंजीव संजय गांधी यांच्या मारुती कंपनीविषयी लोकसभेत प्रश्न आला होता. त्याच्या उत्तरासाठी माहिती गोळा करणाऱ्या चार अधिकाऱ्यांचा छळ झाला, त्यांच्यामागे सीबीआय लावली. सरकार बदलल्यावर आपल्या पुण्याचे मधू लिमये यांनी तो विषय हक्कभंग म्हणून लोकसभेत आणला. विशेषाधिकार समितीने सगळं तपासलं आणि १९ डिसेंबर १९७८ ला लोकसभेने इंदिरा गांधींचं सदस्यत्व रद्द करून अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगवास दिला. पुढच्या लोकसभेने १९८१ मध्ये तो ठराव फिरवला, हेही खरं. त्यात राजकीय सूड किती यावर लोक अजून भांडतात. पण मुळातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: संसदेसाठी खरी माहिती गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याला हात लावणं म्हणजे संसदेलाच हात लावणं.

शाळेचीघंटा

हे मला अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद, वाचनवेडा. चार अधिकाऱ्यांसाठी एवढं झालं होतं!

सह्याद्रीचावारा

महाराष्ट्रात अधिकारी तुरुंगात गेलेला आहे. मार्च २००८, राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल. विधानसभेने दोन दिवसांची कैद दिली, आर्थर रोडला नेलं. तेव्हा आपलं विधिमंडळ दुबळं आहे असं कोणी म्हणू नये. उत्तर प्रदेश विधानसभेनेही मार्च २०२३ मध्ये सहा पोलिसांना सभागृहात उभं करून मध्यरात्रीपर्यंत कैद दिली होती.

काळाकोट

सह्याद्रीचावारा, दोन्ही घटना खऱ्या आहेत. पण बघा त्या कशाबद्दल होत्या. नंदलाल विशेषाधिकार समितीपुढे हजर झाले नाहीत म्हणून. उत्तर प्रदेशातलं प्रकरण २००४ मध्ये एका आमदाराला पोलिसांनी मारहाण केल्याचं. दोन्हीकडे सदस्यांचा किंवा सभागृहाचा मान दुखावला होता. खोटी माहिती दिल्याने ज्यांचं नुकसान झालं, त्या आश्रमशाळेतल्या मुलींसाठी किंवा कोरडवाहू काकांच्या चारीसाठी एखादा अधिकारी सभागृहापुढे उभा राहिल्याचं उदाहरण कुणाकडे असेल तर जरूर द्या. मला हवं आहे.

तर्रीपोहे

मला तरी आठवत नाही भाऊ.

जुनीफाईल

सगळ्यांचे आभार. पूलवाला, तुमचा मुद्दा मी मनावर घेतला आहे. धुळ्याची बातमी वाचून मलाही रात्रभर झोप आली नव्हती. आयुष्यभर ज्या समित्यांच्या फायली लावल्या, त्यांचं नाव असं यावं.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. बंद दाराचा फायदा दोघांनाही होतो. खोटं सांगणाऱ्या अधिकाऱ्यालाही आणि वसुली करणाऱ्यालाही. साक्ष उघड झाली, चित्रित झाली, तर सदस्य काय विचारतात आणि का विचारतात हेही दिसेल. ज्या परिच्छेदावर सकाळी आरडाओरड झाली तो संध्याकाळी अहवालातून कसा गळला, हे कुणीतरी विचारेल.

दुसरं म्हणजे वेळ. महालेखापालांचा हिशेबतपासणीतला आक्षेप येतो, विभागाचं स्पष्टीकरणात्मक ज्ञापन (आक्षेपावरचं लेखी उत्तर) जायला वर्षं जातात, मग लोकलेखा समिती साक्ष लावते. तोवर ज्यांच्या काळात ते घडलं ते सचिव दोन विभाग पलीकडे गेलेले असतात किंवा निवृत्त. आमच्याकडे एकदा साक्षीला आलेल्या सचिवांना त्या विभागात येऊन अकरा दिवस झाले होते. ते गाडीत बसून माझी टिपणी वाचत विधान भवनात गेले. ते काय साक्ष देणार? निवृत्तिवेतन नियम १९८२ च्या नियम २७ प्रमाणे निवृत्त माणसाची विभागीय चौकशी लावायची तर घटना चार वर्षांच्या आतली असावी लागते. आक्षेप साक्षीपर्यंत पोहोचतो तेव्हा ती चार वर्षं सरलेली असतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: समितीपुढे ज्या काळाची साक्ष आहे त्या काळातल्या माणसाला बोलवा, आज कुठेही असो. आणि उत्तराच्या फाईलमध्ये क्षेत्रीय कार्यालयाची मूळ माहिती बदलली गेली असेल तर बदलणाऱ्याची सही आणि कारण असल्याशिवाय ते उत्तर छापायला जाऊ नये.

अभ्यासिका२४

काका, मी राज्यसेवेची मुलाखत देऊन आले आहे, निकालाची वाट बघतेय. उद्या माझ्याच टेबलावर अशी पेन्सिल आली तर मी काय करायचं? पुस्तकी उत्तर मला येतं. तुम्ही खरं काय ते सांगा.

जुनीफाईल

पोरी, तुला खरं तेच सांगतो.

पेन्सिलीने आलेला बदल कधीही पेन्सिलीवर ठेवू नकोस. फाईलवर दोन ओळी लिही: "क्षेत्रीय कार्यालयाच्या अहवालाशी प्रस्तावित उत्तर विसंगत आहे. आदेशार्थ सादर." एवढंच. आवाज चढवायचा नाही, आरोप करायचा नाही, विशेषण एकही नको. तोंडी आदेश आला तर "दूरध्वनीवरील सूचनेनुसार" असं लिहून तारीख आणि वेळ टाक. वर्तणूक नियमांप्रमाणे वरिष्ठाचा आदेश लेखी असायला हवा, तेव्हा तू काही जगावेगळं करत नाहीस. ती ओळ लिहिली की वरच्या माणसाला शाईने सही करावी लागते, आणि शाईने खोटं लिहिताना भल्याभल्यांचा हात थांबतो. हे मी पाहिलं आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, त्या नेमाने असं लिहायच्या. त्यांची दोनदा बदली झाली, हेही सांगायला हवं. पण त्यांच्या फाईलमधून गेलेलं उत्तर बदललं गेल्याचं मला आठवत नाही.

त्या रात्री मी ती ओळ लिहिली नाही. पहाटेचे दोन वाजले होते, सात वाजता छपाईला द्यायचं होतं आणि मला भीती वाटली. त्याची जबाबदारी माझी आहे.

शाळेचीघंटा ताई, तुमचा पहिला प्रश्न राहून गेला होता. मी पुढे प्रकल्प कार्यालयातल्या लिपिकाला फोन करून विचारत राहिलो. पत्रे पुढच्या वर्षी मे महिन्यात बसले. म्हणजे तो सगळा हिवाळा मुली व्हरांड्यातच होत्या. जानेवारीत दोघींना न्यूमोनिया झाला, तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दोघी बऱ्या होऊन परत आल्या, असं त्याने सांगितलं. मी त्याला तीनदा विचारून खात्री करून घेतली.

शाळेचीघंटा

बऱ्या झाल्या हे वाचून जीव भांड्यात पडला.

कोरडवाहू

साहेब, तुम्ही लिहिलं हे मोठं केलं.

पूलवाला

जुनीफाईल, ती दोन ओळींची टिपणी मी उतरवून घेतली. माझं मत तरीही तेच आहे: आधी समितीच्या दौऱ्यांचं आणि साक्षींचं चित्रीकरण, मग अधिकाऱ्याला शिक्षा. क्रम उलटा केलात तर माझा विरोध राहील.

जुनीफाईल

क्रमाला माझी हरकत नाही. सुरू कुठून तरी होऊ द्या.

काळाकोट

काका, त्या फॅक्सची प्रत तुमच्याकडे आहे का? विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, सदस्यामार्फत अर्ज सादर करता येतो. जुन्या प्रकरणात शिक्षा होणार नाही, पण "मूळ माहिती बदलल्यास बदलणाऱ्याची सही आणि कारण" ही तुमची मागणी नियमात यावी म्हणून अर्ज करता येईल. मसुदा मी करून देते. सोबत उदाहरण म्हणून कागद असला तर वजन पडेल.

जुनीफाईल

फॅक्सचा कागद तो गुळगुळीत असायचा ना, त्यावरची अक्षरं पार उडून गेली, आता कोरा दिसतो. पण त्याच आठवड्यात मी नागपूरला झेरॉक्स काढून ठेवली होती. ती आहे. ४२ चा आकडा स्वच्छ वाचता येतो. शाळेचं नाव झाकून तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. मसुदा करा.